बोर्ड गेला म्हणण्याआधी

विंडोज १० ला सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे दाखले काढून देणारी आपले सरकार सेवा केंद्रं, लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले, फोटो स्टुडिओ, शिकवणी वर्ग आणि इंजिनिअरिंगची मुलं अशा अनेकांवर एकच वेळ आली आहे. कॅबिनेट, एसएमपीएस आणि हार्ड डिस्क जुनीच ठेवायची आणि आत नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम बसवायची. माल नागपूरहून आणला जातो किंवा कुरिअरनं घरी येतो, व्हिडिओ बघत बघत सगळं जोडून होतं, आणि बटण दाबल्यावर एकतर काहीच होत नाही, किंवा पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. "काऊन चालू नाही हून राह्यलं?" म्हणत चार जण जमतात. त्यातला एक जण आत डोकावून सांगतो, "बोर्ड गेला बा."

हे निदान फार लवकर केलं जातं. नव्यानं जोडलेलं मशीन चालू झालं नाही, तर त्याचं कारण बहुतेक वेळा जोडताना जिथे आपला हात लागला तिथेच असतं. एखादी वायर लावायची राहिलेली असते, रॅम अर्धीच बसलेली असते, एखादा स्क्रू नको तिथे टेकलेला असतो. नवा भाग मुळातच खराब निघू शकतो, पण तो निष्कर्ष सगळ्यांत शेवटी काढायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड जवळ असलेला माणूस संध्याकाळी दुसरा एसएमपीएस आणून लावून बघेल. अकोला-अमरावतीत बदली माल यायला कित्येकदा आठवडा जातो आणि सर्व्हिस सेंटरसाठी पुष्कळदा नागपूर गाठावं लागतं. अंदाजानं भाग बदलत बसणं आपल्याला परवडत नाही. म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवून टाका: पुरावा मिळेपर्यंत कुठल्याही भागाला दोष द्यायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर बिघाड कशात होता ते कधीच कळत नाही.

नेमकं काय होतंय?

"चालू होत नाही" या एका तक्रारीत चार वेगवेगळे आजार असतात. बटण दाबल्यावर एकही पंखा हलत नाही, एकही दिवा लागत नाही, हा पहिला. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, हा दुसरा. मशीन दोन-चार सेकंद चालतं, बंद होतं आणि पुन्हा आपोआप चालू होतं, हा तिसरा. चौथ्यात बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह स्क्रीनवर येतं, पण विंडोज उघडत नाही. चौथ्यात असाल तर निश्चिंत राहा, तुमचे महागडे भाग शाबूत आहेत. आपलं मशीन यातल्या कुठल्या प्रकारात बसतं ते ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. पुढे दुकानात जावं लागलं तर तो कागद फार उपयोगी पडतो.

लाइन आणि अर्थिंग

कॅबिनेट उघडण्याआधी भिंतीकडे बघा. तपासताना यूपीएस, इन्व्हर्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी थकलेली असेल तर नवं मशीन सुरू होतानाचा झटकाही ती सोसत नाही, आणि दोष बोर्डावर जातो. एसएमपीएसच्या मागचं काळं बटण रेघेच्या बाजूला दाबलेलं आहे ना, ते पाहा. जुन्या, साध्या एसएमपीएसला मागे ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपल्याकडची लाइन दिली तर एसएमपीएस आवाज करून जळतो.

आता अर्थिंग. वऱ्हाडात या विषयावर थोडं थांबावंच लागतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर "थोडं थोडं होतंच" म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसमध्ये लाइन शुद्ध करणारे छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून अर्थिंगच्या वायरपर्यंत जोडलेला असतो, दुसरा न्यूट्रलपासून तिथेच. अर्थिंग जिवंत असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा सगळा पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असल्यामुळे माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण चालू मॉनिटरची किंवा प्रिंटरची केबल लावताना तोच करंट नव्या बोर्डाच्या नाजूक पोर्टमधून वाट काढू शकतो.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, प्लेटच्या भोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. मीठ-कोळसा टाकलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहण्याची जुनी पद्धत अगदी योग्य आहे, ती सोडू नका. दर्यापूर, अकोट या खारपाणपट्ट्याच्या भागात अडचण जराशी वेगळी असते. तिथल्या खारट ओल्या मातीतून वीज चांगली वाहते, पण तेच मीठ प्लेट, नट-बोल्ट आणि वायरचा जोड खाऊन टाकतं. खड्डा ओला दिसतो आणि आत जोड गंजून तुटलेला असतो.

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारं साधं पिवळं मल्टीमीटर घरात असू द्या. ते एसी ७५० वर ठेवून तीन पिन सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तीनदा मोजा. पहिली दोन मापं जवळपास सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. मीटरला अगदी थोडा करंट पुरतो, त्यामुळे कमकुवत अर्थिंगही त्याच्यावर ठीक दिसू शकतं. म्हणून जाणता इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतो. बल्ब पूर्ण पेटला तर अर्थिंग खरं. बल्बची चाचणी मात्र त्याच्याच हातून करून घ्या.

एकही पंखा हलत नाही

मशीन अगदी मुडद्यासारखं पडून असेल तर आधी भिंतीचं बटण बंद करा, मागची वायर काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, आणि मग बाजूचा पत्रा काढा.

बोर्डाला एसएमपीएसकडून दोन वायरी याव्याच लागतात. मोठी २४ पिनांची सगळ्यांना दिसते. दुसरी प्रोसेसरसाठीची, ४ किंवा ८ पिनांची, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हीट सिंकच्या आड जाते आणि नेमकी तीच राहून जाते. ती राहिली तर बहुतेक बोर्डांवर पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. काही बोर्ड लगेच बंद पडतात. जुन्या एसएमपीएसला ४ पिनांचीच वायर असेल आणि नव्या बोर्डावर ८ छिद्रं असतील, तर साधारण कमी विजेच्या प्रोसेसरवर मशीन चालू होतं. तरीही जुन्या कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस नव्या बोर्डाला जोडू नये असंच मी सांगेन. वीस हजारांच्या मालाला तो सगळ्यांत मोठा धोका असतो. प्रोसेसरची ८ पिनांची आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला बहिणी-बहिणी असतात, पण आतली जोडणी उलटी असते. वायरवर सीपीयू की पीसीआयई लिहिलंय ते वाचा, आणि जोर लावून बसवू नका.

एक गोष्ट इथेच, कारण ती चुकली तर भरपाई नाही. काही एसएमपीएसच्या सगळ्या वायरी दोन्ही टोकांना सुट्या होतात. अशा एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या, कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्या एसएमपीएसला लावू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी प्रत्येकाची वेगळी. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क त्याच क्षणी संपते आणि तिच्यातले फोटो, बिलं, फाइलीही.

वायरी ठीक असतील तर कॅबिनेटच्या बटणाकडे या. समोरच्या पॅनलकडून येणाऱ्या बारीक वायरी बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या ९ पिनांवर बसतात. पॉवर स्विचची जोडी कुठे बसते ते बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. स्विचची वायर उलटी बसली तरी चालते, दिव्यांची मात्र चालत नाही. जुन्या कॅबिनेटचं बटणच अडकलेलं किंवा आत तुटलेलं असतं, हे कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही. ती वायर काढून टाका आणि पॉवर स्विचच्या त्या दोनच पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर नवं काहीही घ्यायचं नाही, रिसेटचं बटण पॉवर म्हणून जोडा आणि कामाला लागा.

तरीही शांतता असेल तर एसएमपीएस एकटा तपासायचा. त्याच्या सगळ्या वायरी बोर्डावरून आणि डिस्कवरून काढा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची काळी, या दोन छिद्रांत कागदाची तारेची क्लिप सरळ करून घाला आणि मगच लाइन द्या. एसएमपीएसचा पंखा फिरला तर त्यात जीव आहे. काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरतच नाही, म्हणून मीटर डीसी २० वर ठेवून मोजणं उत्तम: पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१ ते ३.५ व्होल्ट. जांभळी वायर क्लिप न लावताही ५ व्होल्ट दाखवते. ती शून्य असेल तर एसएमपीएस गेला किंवा त्याच्यापर्यंत लाइनच पोचत नाही. अनेक नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे पुस्तिकेतली आकृती बघितल्याशिवाय क्लिप घालू नका. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. लाइन काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली राहू शकते.

बोर्ड बाहेर काढा

एसएमपीएस निर्दोष ठरला आणि बोर्ड तरीही गप्प असेल, तर सगळ्यांत खात्रीची तपासणी म्हणजे बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढणं. कंटाळा येतो, पण अर्ध्या तासाचं हे काम निम्म्याहून अधिक शंका संपवतं.

बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट बसत नाही. खाली पितळी, षटकोनी स्टँडऑफ असतात, त्यांवर तो टेकतो आणि वरून स्क्रू बसतो. जुन्या कॅबिनेटमध्ये जुन्या बोर्डाच्या भोकांप्रमाणे स्टँडऑफ लावलेले असतात. नवा बोर्ड वेगळ्या मापाचा असला, समजा आधीचा ३०.५ सेंटिमीटर लांबीचा पूर्ण एटीएक्स होता आणि नवा २४.४ बाय २४.४ चा मायक्रो एटीएक्स आहे, तर एखादा स्टँडऑफ भोकाखाली न येता बोर्डाच्या पाठीवरच्या डाखाच्या टोकांना टेकतो. वरून काही दिसत नाही. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो, कारण एसएमपीएसला शॉर्ट कळतो आणि तो स्वतःला बंद करतो. बोर्ड उचलून त्याची पाठ उजेडात तिरपी धरा. स्टँडऑफ जिथे टेकला असेल तिथे गोल किंवा षटकोनी चमकदार ओरखडा दिसेल. खाली पडलेला एखादा स्क्रूही तिथेच सापडतो. जितकी भोकं तितकेच स्टँडऑफ ठेवा, जास्तीचा काढून टाका.

बोर्ड आता त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत तो आला तिच्यावर नाही. त्या पिशवीच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम आणि एसएमपीएसच्या दोन वायरी. हार्ड डिस्क नाही, वायफाय कार्ड नाही, पुढचे यूएसबी नाहीत. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर ग्राफिक्स कार्डही नाही. पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवून चालू करा. डिस्प्ले आला तर एकेक भाग जोडत जा आणि प्रत्येक वेळी लाइन काढून मगच पुढचा जोडा. ज्या भागानंतर मशीन अडतं तो तुमचा गुन्हेगार, आणि हाच तो पुरावा.

हे सगळं करताना स्थिर विजेची काळजी घ्या. वऱ्हाडातला हिवाळा आणि ऐन उन्हाळा दोन्ही कोरडे, स्वेटर किंवा टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो तो याच विजेचा. एसएमपीएस तीन पिनांच्या वायरनं भिंतीला जोडलेला पण भिंतीचं बटण बंद, अशा स्थितीत त्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला की अंगावरची वीज अर्थिंगमधून निघून जाते. अर्थिंग खरं असेल तर. गादीवर, सतरंजीवर किंवा कूलरच्या थेट झोतात बसून हे काम करू नका. कूलरच्या झोतात ओल असते, खारं पाणी वापरणाऱ्या घरात त्याबरोबर मिठाचे कणही येतात.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

इथे पहिला संशय रॅमवर. दोन रॅम असतील तर चार खाचांपैकी प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. एकच असेल तर दुसऱ्या खाचेत. बहुतेक बोर्डांचा हाच नियम आहे. रॅम बसवताना दोन्ही टोकांना सारखा जोर द्या. टक् असा आवाज आला आणि कडी आपोआप मिटली तरच ती बसली. काही बोर्डांना एकाच बाजूला कडी असते, तिथे दुसरं टोक किंचित वर राहिलेलं डोळ्यांना कळत नाही, बोटानं चाचपून बघा. जुनी रॅम असेल तर खोडरबरानं घासायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. मऊ पांढरं रबर हलक्या हातानं चालेल, चुरा पूर्ण झटका. त्याहून चांगलं म्हणजे औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड. थिनर आणि पेट्रोल नको, प्लास्टिक आणि बोर्डावरचा लेप दोन्ही खराब होतात. खाचेत तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात. डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर करून बसवणारे भेटतात म्हणून लिहिलं.

डीडीआर५ चा नवा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमची स्वतःशी जुळणी करून घेतो. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर हा वेळ ठळकपणे जाणवतो. स्क्रीन काही मिनिटं काळी असते, मशीन मध्ये एकदा आपोआप बंद-चालूही होतं. अस्वस्थ होऊन वायर ओढली की सगळं पहिल्यापासून सुरू. पहिल्या वेळी १५ मिनिटं थांबायची तयारी ठेवा, आणि त्या वेळात लाइन जाणार नाही असा मुहूर्त निवडा.

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डालाच लावायची, बोर्डाच्या वरच्या पोर्टला नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यात ते नसतं. रायझन ५६०० मध्ये नसतं, ५६००जी मध्ये असतं. एका अक्षराच्या फरकानं निरोगी मशीन दोन-दोन दिवस काळं पडून राहतं.

प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बोर्डाचा बायोस त्याला ओळखत नाही. बी४५० च्या जुन्या साठ्यातल्या बोर्डावर रायझन ५००० मालिका, किंवा एच६१० आणि बी६६० वर इंटेलची तेरावी-चौदावी पिढी लावली की हा प्रकार होतो. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरची यादी असते, कुठल्या बायोसपासून चालेल तेही लिहिलेलं असतं. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशचं बटण असेल तर एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून प्रोसेसर न चालताही बायोस बदलता येतो. बटण नसेल तर विकणाऱ्या दुकानातून बदलून घ्या. बायोस बदलताना लाइन गेली तर बोर्ड खरोखरच जाऊ शकतो, म्हणून या एका कामासाठी मशीन चांगल्या यूपीएसवरच ठेवा.

आता बोर्डावरचे बारीक दिवे बघा. अनेक नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार असतात. सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागूनच राहतो तिथे काम अडलंय. दिवे नसतील तर बोर्डावर लावायचा छोटा स्पीकर मिळतो, त्याच्या बीपचा अर्थ पुस्तिकेत असतो.

यातून काही निष्पन्न झालं नाही, तर लाइन काढून बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत बसवा. बायोसच्या सगळ्या नोंदी मूळ स्थितीला येतात. जुन्याच बोर्डाची साफसफाई करून मशीन पुन्हा जोडलं असेल तर सेल मोजूनच घ्या; ३ व्होल्टचा असायला हवा.

शेवटी प्रोसेसरचं सॉकेट. एएम४ च्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, आणि जुना हीट सिंक सरळ वर ओढला की वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. मशीन थोडं तापवून, बंद करून, हीट सिंक हलकेच डावी-उजवीकडे पिळून मग उचलायचा. इंटेलच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्येच असतात. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहा, सगळ्या रांगा सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी वाकडी दिसली तर स्वतः सुई घालू नका, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या, सूक्ष्मदर्शक असलेल्या कारागिराकडे न्या.

चालू होऊन बंद पडतं

काही सेकंदांत बंद पडणारं मशीन शॉर्टमुळे किंवा उष्णतेमुळे पडतं. शॉर्टचं वर आलं. हीट सिंकच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढायचा राहिला का, ते बघा. फार जणांचा राहतो. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरते. इंटेलच्या पंख्याच्या चार पिनांपैकी एक जरी नीट अडकली नाही तर हीट सिंक एका बाजूनं उचललेला राहतो. बोर्डाच्या मागून चारही काळी टोकं सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा, नाहीतर बोर्ड पंखा नाही म्हणून पुढे जात नाही.

मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात ३१ तारखेपर्यंत कलम १४४ लावावं लागलं होतं. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत अशा दिवसांत हवाच ४० अंशांच्या वर असते, आणि हीट सिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्यात निभावून जाणारी ढिली जोडणी इथे निभावत नाही. जिनिंगजवळच्या वस्तीत कापसाचे तंतू हीट सिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. जुना हीट सिंक वापरणार असाल तर पंखा काढून आतून साफ करा.

विंडोज उघडत नाही

हे लवकर आटपतं. बायोसमध्ये डिस्क दिसते का बघा. दिसत नसेल तर साटा केबल किंवा पोर्ट बदला; काही बोर्डांवर एम.२ ची डिस्क बसवली की एखादं साटा पोर्ट बंद होतं. डिस्क दिसते पण विंडोज येत नाही, असं डीटीपीवाल्यांच्या बाबतीत नेहमी होतं. जुन्या मशीनची विंडोज ७ ची डिस्क तशीच नव्या बोर्डाला लावलेली असते. ती जुन्या लेगसी पद्धतीची, नवे बोर्ड यूईएफआयचे, शिवाय विंडोज ७ ला नव्या यूएसबीचे ड्रायव्हर नसल्यानं कीबोर्ड-माउसही चालत नाहीत. नवी एसएसडी घेऊन तिच्यावर विंडोज टाका आणि जुनी डिस्क फक्त फाइलींसाठी जोडा. स्क्रीनवर फॉरमॅट किंवा इनिशियलाइज विचारलं तर त्या डिस्कसाठी हो म्हणू नका. बिटलॉकरनं ४८ आकडी किल्ली मागितली तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते, मोबाइलवरून खात्यात जाऊन बघा.

दुकानात जाताना

जळका वास आला, बोर्डावर काळा डाग दिसला किंवा कपॅसिटर फुगलेला दिसला की तपासणी थांबवा, पुन्हा लाइन देऊ नका. तसं काही नसेल आणि पुठ्ठ्यावरचा बोर्ड माहीत असलेल्या चांगल्या एसएमपीएसवर, एकेक रॅम बदलूनही मुका राहिला, तर मात्र बोर्ड किंवा प्रोसेसर यांपैकी एक गेलाय असं म्हणायला हरकत नाही. दोघांपैकी कोण, हे दुसऱ्या चालू मशीनवर प्रोसेसर लावून बघितलं तरच ठरतं, आणि ते काम दुकानात करून घेणं बरं. कॅबिनेट उचलून "चालू होत नाही" म्हणण्यापेक्षा तो कागद द्या: पंखे फिरतात का, कुठला दिवा लागून राहतो, एसएमपीएसवर किती व्होल्ट आले, काय काय बदलून पाहिलं. तुमच्यासमोर तपासायला सांगा.

वॉरंटीसाठी जीएसटीचं बिल आणि भागावरचा सिरीयल नंबर जुळला पाहिजे. वाकलेल्या पिना आणि जळलेला बोर्ड वॉरंटीत सहसा धरत नाहीत, म्हणून नवा बोर्ड खोक्यातून काढल्या काढल्या, प्रोसेसर बसवण्याआधी, सॉकेटचा जवळून फोटो काढून ठेवा. इंटेलच्या बोर्डावरचं सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. बोर्ड नागपूरला पाठवायची वेळ आली तर ते झाकण लावल्याशिवाय अनेक सर्व्हिस सेंटर तो घेतच नाहीत. हीट सिंक आणि ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं बांधा, एसटीच्या पार्सलमध्ये ते बोर्डावर हिंदकळले तर खाच तुटते.